विजयालक्ष्मीची फाशी, काशीबाईचं काळं पाणी: आईच्या हातून होणारी बालहत्या आणि फौजदारी कायदा

ओंजळ (धागाकर्ती)

ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’चं नाव आपण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १८८२, पुणे, श्री शिवाजी छापखाना, प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. पण बुलढाण्यातल्या या बाई ज्या खटल्यामुळे पेटल्या, त्या खटल्याचं पुढे काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही.

सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी. तरुण ब्राह्मण विधवा. दिवस गेले, मूल झालं आणि बोभाटा होईल या धास्तीने तिने ते मारलं. १८८१ साली सुरतच्या सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली. मुंबई हायकोर्टात फाशीची जन्मठेप, म्हणजे काळं पाणी, झालं आणि नंतर तीही शिक्षा पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. कुणाला तिची दया आली, तर कुणी ‘हल्लीच्या बायका’ किती बिघडल्यात यावर रकाने भरले. ‘पुणेवैभव’ या दुसऱ्या कामात पुढे होतं. ताराबाईंचा राग त्यांच्यावर. बायको गेल्यावर लगेच नवी मुलगी बघणारा पुरुष प्रतिष्ठित, आणि नवरा मेलेल्या बाईने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसायचं, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

मला अडतं ते फाशी ते पाच वर्षं या घसरणीपाशी. बाई तीच, कृत्यही तेच. पुराव्यातही काही नवं निघालं नव्हतं. मग कायदा एवढा का डळमळला? माझं मत सांगते: या बाईचं काय करायचं हे कायद्याला कधीच उमगलं नव्हतं. म्हणून तो आधी गळा आवळायचा आणि मग दया दाखवायचा. ही सवय विलायतेहून आली.

इंग्लंडात पहिल्या जेम्सच्या राज्यात १६२४ मध्ये एक कायदा झाला. अविवाहित बाईला मूल झालं, ते मेलं आणि तिने ते लपवलं, तर तिने ते मारलंच असं कोर्टाने धरायचं. मूल मेलेलंच जन्मलं होतं असं तिचं म्हणणं असेल तर निदान एक साक्षीदार तिने आणायचा. जी बाई कुणाला कळू नये म्हणून एकटीच बाळंत होते, तिने साक्षीदार कुठून आणावा? लग्नाच्या बाईला हा कायदा लागूच नव्हता. तिचं मूल गेलं तर खून शाबीत करण्याची जबाबदारी नेहमीप्रमाणे फिर्यादी पक्षाची.

ज्युरीला हे जड जायला लागलं. अठराव्या शतकात लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात या बायका बऱ्याचदा सुटू लागल्या. बाळंतपणाआधी तिने एखादं झबलं किंवा दुपटं शिवून ठेवलेलं सापडलं, तर ‘हिला लपवायचं नव्हतं’ असं मानून सोडायचे. फास सुटायचा तो झबल्यावर!

१८०३ मध्ये तो कायदा रद्द झाला. खून शाबीत करणं आता फिर्यादी पक्षाकडे आलं, पण ते जमलं नाही तरी ‘जन्म लपवला’ म्हणून दोन वर्षांपर्यंत कैद देण्याची सोय ठेवली. १८२८ पासून लग्नाच्या बायकाही त्यात आल्या. ती दोन वर्षं लक्षात ठेवा, कारण १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ३१८ बघा: मेलेलं मूल गुपचूप पुरून किंवा टाकून जन्म लपवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आकडासुद्धा तोच.

आता पुणं. जोतीराव फुल्यांनी १८८४ च्या डिसेंबरात, समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरच्या टिपणांवर मत देताना, एक हकिगत लिहिली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावलं. दिवस राहिले, पाडायचे उपाय फसले. मूल झाल्यावर तिने ते मारून विहिरीत टाकलं. खटला झाला आणि जन्मठेपेवर अंदमानला रवानगी. शास्त्रीबुवांचं नाव खटल्यात कुठे नाही. असायचं कारणही नव्हतं, त्यांनी कायद्याच्या दृष्टीने काहीच केलं नव्हतं.

यानंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर पत्रकं डकवली. आशय असा: विधवांनो, इथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. १८८४ पर्यंत ३५ जणी आल्या. त्या ३५ मुलांपैकी जगली ५. बाकीची गर्भात असतानाच, आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी दुबळी झाली होती, असं फुले लिहितात.

हा आकडा वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवलं होतं मी. आपण जयंतीला ‘गृह काढले’ एवढंच वाक्य म्हणतो. इतक्या उशिरा पोचणाऱ्या बायका, त्यांना दिलेल्या काढ्या-पुड्या, मरणारी बाळं आणि ती बाळंतपणं करणाऱ्या सावित्रीबाई, हे त्या वाक्यात मावत नाही.

चर्चेसाठी मुद्दा असा. इंग्लंडने १९२२ मध्ये आईच्या हातून होणाऱ्या बालहत्येला खुनापासून वेगळं काढलं. आपल्याकडे आजही तसं कलम नाही. असावं का?

---

सदा_सर्वदा

वाचनखूण साठवली. ‘घटश्राद्ध’ राहिलं ताई. अशी बाई सापडली की जिवंतपणी तिचं श्राद्ध घालून तिला जातीबाहेर काढायचे. सरकारची शिक्षा नंतर, ही आधी. आमच्या आजोळी जुन्या बायका असल्या गोष्टी अगदी हळू आवाजात सांगायच्या.

एक शंका: मूल जन्मताना जिवंत होतं की मेलेलं, हे त्या काळी ठरवायचे कसे?

---

कोरोनरचा_कारकून

सदाभाऊ, फुप्फुसं पाण्यात टाकून. चेष्टा नाही. बाळाने श्वास घेतला असेल तर फुप्फुसात हवा शिरते आणि ती तरंगतात, नसेल तर बुडतात. जर्मनीत सतराव्या शतकाच्या शेवटी योहानेस श्रायर नावाच्या वैद्याने ही चाचणी कोर्टात वापरली. एका पोरीचा जीव त्याने वाचला. नंतर मात्र हीच चाचणी कित्येकींच्या विरोधात गेली.

चाचणी फसवी आहे. प्रेत कुजायला लागलं की वायूने मेलेल्या बाळाची फुप्फुसंही तरंगतात. बाळ रडावं म्हणून कुणी तोंडाने हवा फुंकली असेल तरी तरंगतात. उलट अपुऱ्या दिवसांचं बाळ चार श्वास घेऊन गेलं तर बुडूही शकतात. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७८४ मध्ये छापलेल्या निबंधात हेच बजावलं होतं. शिवाय घाबरलेली, एकटी, रक्तस्रावाने अर्धमेली बाई बाळाकडे बघण्याच्या अवस्थेत तरी असते का, हेही त्यांनी विचारलं. पुरुष डॉक्टरने अठराव्या शतकात हे लिहावं याचं मला अजून कौतुक वाटतं.

आमच्या वेळी ही चाचणी शिकवायचे, मोदींच्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातही ती होती, आणि तिच्या मर्यादा त्याच पानावर. परीक्षेत मर्यादांनाच जास्त मार्क असायचे. खेड्यातून आलेल्या रिपोर्टात मात्र एका ओळीत ‘जिवंत जन्मले’ लिहून मोकळे झालेले पाहिलेत.

---

लेस्टरकर

१९२२ चा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही, कारण ते प्रकरण आमच्याच गावचं. १९२१ मध्ये लेस्टरच्या कोर्टात एडिथ रॉबर्ट्स या कारखान्यात काम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीला नवजात बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. बायकांना ज्युरीत बसायचा हक्क १९१९ मध्येच मिळाला होता, तरी तिच्या ज्युरीत सगळे पुरुष. फाशी रद्द होणार हे सगळ्यांना माहीत होतं, न्यायाधीशाला धरून. तरी काळी टोपी डोक्यावर चढवून ते वाक्य उच्चारणं त्याला भागच होतं. स्वतःचं वर्षाच्या आतलं मूल मारल्याबद्दल इंग्लंडात शेवटची फाशी १८४९ मध्ये झाली होती. म्हणजे सत्तर वर्षं ही नाटकं चालू होती. लेस्टरच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, मजूर पक्षाच्या आर्थर हेंडरसन यांनी विधेयक आणलं.

१९२२ च्या कायद्यात ‘नुकतंच जन्मलेलं’ असा शब्दप्रयोग होता. १९२७ मध्ये एका बाईचं बाळ ३५ दिवसांचं निघालं आणि कोर्ट म्हणालं, हे नुकतंच जन्मलेलं नव्हे. मग १९३८ मध्ये वयाची मर्यादा १२ महिने केली. आता कायदा म्हणतो की बाळंतपणातून पुरतं न सावरल्यामुळे किंवा अंगावर पाजण्याच्या परिणामामुळे तिच्या मनाचा तोल ढळलेला असेल, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवधासारखी शिक्षा. प्रत्यक्षात बहुतेकींना तुरुंग होत नाही, देखरेख किंवा उपचार होतात.

---

तर्कटी

लेख अभ्यासपूर्ण आहे, मान्य. पण एक विचारतो, राग मानू नका. या सगळ्यात मेलेल्या बाळाची बाजू कोण मांडतंय? बाप मारेल तर खून आणि आई मारेल तर ‘तोल ढळला’? एक दिवसाच्या बाळाचा जीव एक वर्षाच्या बाळाहून हलका कसा? उद्या कुणी म्हणेल, गरिबीने तोल ढळला, कर्जाने तोल ढळला.

---

ओंजळ

तर्कटीशेठ, राग कसला, प्रश्न रास्त आहे. पण मी कुठेही बाळाचा जीव हलका म्हटलेला नाही. १६२४ चा कायदा तरी बाळासाठी होता का? बाळासाठी असता तर लग्नाच्या बायकांना का वगळलं? तेव्हाची भीती होती ती अनौरस मुलांची, त्यांच्या खर्चाची आणि पोरींच्या ‘चालीची’. बाळ मेलं याचं दुःख त्या कायद्यात मला तरी सापडत नाही.

---

जर्मन_बेकरी

युरोपात इंग्लंडच एकटं नव्हतं. पाचव्या चार्ल्सच्या १५३२ च्या दंडसंहितेत बाळ मारणाऱ्या आईला जिवंत पुरणं, खांबावर खुपसणं अशा शिक्षा होत्या, आणि ‘दया’ म्हणून पाण्यात बुडवणं. फ्रान्समध्ये १५५६ च्या फर्मानानुसार अविवाहित आणि विधवा बायकांनी गर्भार असल्याचं सरकारदरबारी नोंदवायचं, न नोंदवता बाळ गेलं तर मरणदंड. इथेही लपवणं हाच पुरावा, आणि तोही इंग्लंडच्या अर्धशतकाहून जास्त आधी.

माझ्या आवडीचा, म्हणजे नावडीचा, किस्सा ग्योथेचा. १७७२ च्या जानेवारीत फ्रँकफुर्टमध्ये सुझाना मार्गारेटा ब्रांट या खानावळीतल्या मोलकरणीचं, स्वतःचं बाळ मारल्याबद्दल, डोकं उडवलं गेलं. तरुण वकील ग्योथे तेव्हा त्याच गावात होता. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकातली, बाळाला मारणारी ग्रेटशेन तिच्यावरून सुचली असं मानतात. ग्रेटशेनसाठी दोनशे वर्षं लोक रडतायत. आणि हेच साहेब १७८३ मध्ये वायमारच्या राज्यमंडळात बसले असताना अशाच एका मुलीचं प्रकरण आलं, बालहत्येची फाशी ठेवायची का यावर मत विचारलं गेलं, तर यांनी ‘ठेवावी’ म्हणून मत दिलं. मुलीला त्याच वर्षी देहान्त शिक्षा झाली.

तीन वर्षं आधी, १७८० मध्ये, मानहाइममध्ये ‘बालहत्या थांबवायचा उत्तम उपाय कोणता’ यावर निबंधस्पर्धा झाली होती. शेकडो निबंध आले. बहुतेकांचा सूर असा की लाज कमी करा, निवारा द्या. म्हणजे आपल्या पुण्याच्या गंज पेठेत, फुल्यांच्या घरी, जे प्रत्यक्ष उभं राहिलं ते तिकडे आठ दशकं आधी कागदावर होतं. जर्मन दंडसंहितेतलं अविवाहित आईच्या बालहत्येचं सौम्य शिक्षेचं कलम १९९८ पर्यंत टिकलं होतं.

---

सदा_सर्वदा

ग्योथेने तोंड कडू केलं हो.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे दंडसंहिता लागू झाली ती मुक्तीनंतर. तोवर १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता होती आणि तिच्यात बालहत्या हा स्वतंत्र गुन्हा होता: जन्मताना किंवा जन्मापासून आठ दिवसांच्या आत मूल मारणं. मूळ शिक्षा जबर. पण आईने स्वतःची बेअब्रू लपवायला केलं असेल तर शिक्षा कमी. आणि पुढची गंमत ऐका: आईच्या आईवडिलांनी मुलीची बेअब्रू लपवायला केलं असेल तरी कमी!

म्हणजे मांडवीच्या काठावर जे कृत्य ‘अब्रू’च्या सवलतीत बसायचं, ते तेरेखोलपलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला, सरळ खून. इंग्रजांनी बाईच्या शरीराचं कारण दिलं, पोर्तुगीजांनी अब्रूचं. आजी-आजोबांना सूट म्हटल्यावर कळतंच की अब्रू घराची होती, तिची नव्हे.

---

बडोदेकर_जुने

मंडळी, एक फरक राहतोय. इंग्रजी राज्यात ‘बालहत्या’ म्हटलं की साहेबांच्या डोळ्यांसमोर यायचे काठेवाडचे जाडेजा आणि उत्तरेतले राजपूत. तिथे मुली मारायचे. बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, अलेक्झांडर वॉकर याने मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकनच्या पाठिंब्याने १८०८ च्या सुमारास जाडेजा सरदारांकडून ‘यापुढे मारणार नाही’ असे करारनामे लिहून घेतले. त्याआधी बंगालात १७९५ आणि १८०४ चे नियम होतेच. करारनाम्यांनी काही फारसं थांबलं नाही, आणि शेवटी १८७० चा मुलींच्या हत्येविरुद्धचा कायदा आला. त्यात संशयित कुळांची नोंदणी, जन्म-मृत्यूची खातेवही, आणि जादा पोलिसांचा खर्च त्यांच्याच माथी.

आता तुलना करा. जाडेजांकडे निर्णय घरच्या पुरुषांचा, हात दाईचे, आणि त्यामागे हुंडा, कुळाचा तोरा. तिथे सरकार करार करतं, पेन्सिल घेऊन मुली मोजतं. ओलपाडच्या विधवेशी करार कोण करणार? तिचा खटला सरळ सेशन्स कोर्टात. दोन्हीला एकच शब्द, पण सरकारच्या लेखी पहिली ‘चाल’ आणि दुसरा ‘गुन्हा’.

---

वकीलीणबाई

उशिरा आले, आज कोर्टात बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, मोठं होतं. थोडं कायद्याचं बोलते, कारण धाग्यात सगळं आहे पण आजचं कमी आहे.

१) १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता. जुनं ३१८ आता कलम ९४, मजकूर आणि दोन वर्षं जशीच्या तशी. जुनं ३१७, म्हणजे बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर टाकून देणं, आता ९३, सात वर्षांपर्यंत. खून १०३. एकशेसाठ वर्षांनी नवी संहिता लिहिली, पण आईसाठी वेगळा विचार तेव्हाही केला नाही.

२) फुप्फुसांबद्दल. इंग्लंडात मूल पूर्ण जन्मून आईवेगळं जिवंत असायला लागायचं, तरच खून. आपल्याकडे जुन्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात (आता १००) जिवंत मुलाचा कुठलाही भाग बाहेर आला असेल, त्याने श्वास घेतला नसला तरी, त्याला मारणं सदोष मनुष्यवध होऊ शकतो. म्हणजे भारतात कायदा जास्त कडक आहे, आणि फुप्फुस बुडालं म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही. कोर्टात हे सांगताना अर्धा तास जातो.

३) सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा छत्तीसगडचा निकाल जरूर वाचा. नवऱ्याने टाकलेली, गावात एकटी राहणारी बाई. गावातल्याच एकापासून गरोदर. डबक्यात नवजात बाळ सापडलं. सेशन्सने जन्मठेप दिली, हायकोर्टाने २०१० मध्ये कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने सोडली. कारण ते बाळ तिचं होतं हेच कुणी शाबीत केलं नव्हतं! डीएनए नाही, धड साक्षीदार नाही. ती एकटी राहत होती आणि पोटुशी होती, एवढ्यावर गुन्हा तिच्या गळ्यात घातला, हे रूढ समजुतींना बळ देणं आहे, या आशयाचं न्यायालयाने सुनावलं. तिच्या शरीराबद्दल, गरोदरपणाबद्दल गप्प राहण्याचा तिचा हक्क आहे, असंही.

ओंजळताई, तुमचा १६२४ चा कायदा इंग्लंडात १८०३ ला मेला. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात तो जिवंत आहे. बाळ सापडलं की पोलीसपाटलाला पहिला प्रश्न असतो: गावात एकटी कोण राहते?

---

तर्कटी

वकीलीणबाई, त्या बाईविरुद्ध पुरावा नव्हता, सुटली, उत्तम. पण माझा प्रश्न पुरावा असलेल्या बाईचा आहे. तिला खुनाहून वेगळं कलम द्यायचं का? यावर कुणीच थेट बोलत नाही.

---

मनोमन

मी थेट बोलतो, मानसोपचाराचा माणूस आहे म्हणून. आणि माझं उत्तर दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

बाळंतपणानंतरचा गंभीर वेडाचा झटका साधारण हजारात एक-दोन बाळंतिणींना येतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, संशय, भास, ‘बाळात काहीतरी शिरलंय’ असं वाटतं. घरचे बाहेरचं बघत बसतात, अंगारे-धुपारे होतात, आणि अनर्थ घडतो तो या वेळात. अशी बाई बहुतेकदा विवाहित असते, मूल हवं असलेली असते, आणि लपवत काहीच नाही. टेक्सासमध्ये २००१ साली पाच मुलं बुडवणाऱ्या आईने स्वतःच पोलिसांना फोन केला होता. तिला आधी जन्मठेप, मग २००६ मध्ये वेडामुळे निर्दोष. अशा बाईसाठी आपल्याकडे न्याय संहितेचं कलम २२ आहे, जुनं ८४. पण त्यात कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं असं दाखवावं लागतं. पट्टी फार उंच आहे.

दुसरी बाई म्हणजे विजयालक्ष्मी, काशीबाई, एडिथ. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत घडणारी हत्या. १९७० मध्ये रेस्निक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हा प्रकार वेगळा काढून दाखवला. या बहुतेकींना मनोविकार नसतो. गरोदरपण त्या नऊ महिने जगापासून, आणि पुष्कळदा स्वतःपासूनही, नाकारतात. घरात पाच माणसं असून कुणाला पत्ता नसतो, किंवा ‘नसतो’.

आता गंमत बघा. १९२२ चा इंग्लिश कायदा झाला दुसऱ्या बाईसाठी आणि कारण दिलं पहिल्या बाईचं. दया दाखवायची होती लाजेवर, पण लाज लिहिली तर समाजाचं वाभाडं निघतं. मग बाळंतपण आणि दूध यांच्यावर ढकललं. अंगावर पाजल्याने मनाचा तोल जातो याला शास्त्रीय आधार नाही. न्यायाधीश आणि डॉक्टर सोयीने मान डोलवायचे.

तेव्हा भारतात असं कलम आणायचं तर ‘बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं’ या पायावर आणू नका. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं, वारसाहक्क, नोकरी, सगळीकडे हे वाक्य बाईच्या विरोधात फिरेल.

---

वकीलीणबाई

मनोमन, इथे आपले रस्ते वेगळे होतात. कारण खोटं होतं हे मान्य, पण त्या खोट्या कारणाने शंभर वर्षं बायका वाचल्या. माझ्यासमोर एकोणीस वर्षांची पोरगी १०३ खाली उभी असते तेव्हा न्यायाधीशापुढे दोनच दारं असतात. खून शाबीत झाला तर किमान जन्मठेप, त्याखाली यायला त्याला मुभाच नाही. मग मनात असलेले न्यायाधीश करतात काय, पुराव्यात खोट काढतात. अगदी ओल्ड बेलीच्या झबल्यासारखं. नाहीतर वरच्या कोर्टात सदोष मनुष्यवधावर आणतात, तोवर तिची आठ-नऊ वर्षं आत जातात. मला अधलं दार पाहिजे, पाटी कसली का लावेनात. तर्कटीसाहेब, थेट उत्तर: हो, वेगळं कलम हवं, आणि त्यात शिक्षेची खालची मर्यादा नको. बाळाचा जीव हलका म्हणून नव्हे, शिक्षा ठरवायला जागा हवी म्हणून.

---

कोरोनरचा_कारकून

माझा अनुभव वेगळ्या टोकाचा. टेबलावर येणारी बाळं वाचायची तर कलम फार उशिरा येतं. १९७१ पर्यंत या देशात गर्भपातसुद्धा कलम ३१२ खाली गुन्हा होता, करून घेणाऱ्या बाईचाही. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने अहवाल दिला, मग गर्भपाताचा कायदा झाला. त्यातही गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला चालायचं. ती अट २०२१ च्या दुरुस्तीत गेली, आणि अविवाहितेला २४ आठवड्यांपर्यंतची वाट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळी केली. म्हणजे ज्या बाईबद्दल आपण इथे बोलतोय तिला सरळ दार उघडलं ते २०२१-२२ मध्ये.

---

सदा_सर्वदा

आणि मूल झाल्यावर? सोडायचं असेल तर आज कायदेशीर रस्ता आहे का? की टाकलं की ९३?

---

वकीलीणबाई

आहे, आणि लोकांना माहीत नाही म्हणून सविस्तर लिहिते. बाल न्याय कायदा २०१५, कलम ३५. आईने बालकल्याण समितीसमोर जाऊन मूल सोपवायचं. समिती चौकशी करते, समुपदेशन होतं, कागद होतो. नंतर दोन महिने विचार बदलायला मिळतात, तेवढ्यात मूल परत मागता येतं. नाव गुप्त. त्याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये असंही आहे की हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे आईबापांनी मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, येतो आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. गुप्तता तिथेच संपते. म्हणून त्या पोरी दवाखान्यात येत नाहीत.

---

ओंजळ

पंढरपूरचा उल्लेख करायचा राहिला होता, तो या प्रतिसादाला जोडून देते. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या तिथल्या गुजराती न्यायाधीशाने पुढाकार घेऊन बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, प्रार्थना समाजाच्या आधाराने. आज ते नवरंगे बालकाश्रम. वारीच्या गर्दीत, बडव्यांच्या गावात, विधवा बाळंत व्हायला यायच्या कारण पंढरपूरला जायला कारण विचारत नाहीत. दिवसा कोर्टात ज्या कलमांखाली शिक्षा व्हायच्या त्याच कलमांखाली येऊ शकणाऱ्या बायकांसाठी कोर्टातलाच माणूस खोल्या बांधत होता. त्यावर वेगळा धागा काढावा म्हणते, कारण तिथली माहिती इथे कोंबली तर वकीलीणबाई आणि मनोमन यांचं भांडण राहून जाईल.

---

मनोमन

भांडण नाही हो. वकीलीणबाई, तुमचं अधलं दार मला मान्य, एका अटीवर. कलमात ‘मनाचा तोल’ लिहायचं नाही. ‘बाळंतपणाची आणि त्याभोवतीची परिस्थिती’ लिहायची. म्हणजे घरच्यांनी काय केलं, कोण कुठे होतं, गर्भपाताला नाही कुणी म्हटलं, हे सगळं रेकॉर्डवर येईल.

---

वकीलीणबाई

मंजूर. पण मग शास्त्रीबुवांनाही समन्स निघालं पाहिजे. मसुदा घालते उद्या रात्री, बोर्ड लवकर आटपलं तर.

---

तर्कटी

मसुद्यात बाळाचं वय किती धरणार? १२ महिने म्हणाल तर माझा विरोध नोंदवून ठेवा. २४ तास असेल तर बोलू.